जमनाकाकी आणि डेरेकचं स्थळ

टीव्हीवर कुणी गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला की माझं लक्ष त्याच्या गाण्याकडे जातच नाही. गाणं संपल्यावर हा माणूस ती गिटार कुठे ठेवतो, कशी ठेवतो, हे मी बघत बसते. नवरा म्हणतो, तुला संगीतातलं काही कळत नाही. ते खरंच आहे. पण माणसातलं थोडंफार कळतं, आणि ते मी शिकले ब्राह्मणपुरीत, जमनाकाकींच्या ओट्यावर बसून.

मी सांगलीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि नेमणूक निघाली थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, शहादा तालुक्यात. ब्राह्मणपुरी गावात खोली शोधत फिरत होते तेव्हा कुणीतरी काकींचं घर दाखवलं. रस्त्याला लागून लांबरुंद ओटा, त्याच्या कडेला एक सुटी खोली. ओट्यावर ठेंगण्याशा बांध्याच्या एक बाई डोक्यावरचा पदर सावरत बडीशेप निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाड्याचं तर काहीच काढलं नाही. एकदा वरून खालपर्यंत मला न्याहाळलं आणि विचारलं, "लगीन व्हयनं का तुन्हं?"

झालं, म्हटलं, गेल्याच वर्षी. काकींचा चेहरा खर्रकन उतरला. एक चांगलं स्थळ हातचं गेलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. खोली मात्र दिली.

जमनाकाकी लग्नं जमवायच्या. पोटासाठी नव्हे, घरची केळी होती, ऊस होता, खाऊन-पिऊन सुखी गुजर घराणं. हा त्यांचा छंद होता आणि त्याहून जास्त ती त्यांची नजर होती. गावात नवा तलाठी आला, गुरांचा डॉक्टर आला, केळीच्या ट्रकबरोबर एखादा तरणा व्यापारी आला, की काकींच्या डोक्यात आधी त्याच्या शेजारी एक मुलगी उभी राहायची. मग त्या तिला तिथून हलवून दुसरी उभी करून बघायच्या. हे सगळं मनातल्या मनात, हाताने बडीशेप निवडता निवडता. घरात त्या त्यांची गुजरी बोलायच्या, बाहेर अहिराणी, आणि माझ्याशी बोलताना आधी जरा घसा खाकरून शाळेतली मराठी काढायच्या. दोन वाक्यांत ती संपायची आणि गाडी पुन्हा अहिराणीवर यायची.

मुलगा बघण्याची त्यांची रीत अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. आधी कळवायचं नाही. एके दिवशी सकाळची एसटी पकडून मुलाच्या गावी जाऊन थडकायचं आणि बैठकीच्या खोलीत पाऊलसुद्धा न ठेवता थेट मागच्या अंगाला गोठ्यात जायचं. "घरले रंग कोनी बी देस," त्या म्हणायच्या, "गोठा देखा." मुलगा बैलाजवळ गेल्यावर बैल मान पुढे करतो की अंग चोरतो, एवढंच त्या बघायच्या. बैल अंग चोरत असेल तर त्या घरात मुलगी द्यायची नाही, मग बागायत कितीही असो.

आणि दुसरी गोष्ट पाण्याची. मुलाकडे गेल्यावर काकी पाण्याला शिवायच्या नाहीत. उन्हाळा असो, घशाला कोरड पडलेली असो, समोर ठेवलेला तांब्या तसाच राहायचा. होकार द्यायचा ठरला की मात्र त्या स्वतःहून पाणी मागायच्या. त्यामुळे "जमनाकाकींनी पाणी घेतलं" याचा अर्थ आमच्याकडे सरळ होता, लग्न जमलं. एका मुलाच्या आईने म्हणे काकींना मुद्दाम तिखटजाळ शेव खाऊ घालायचा प्रयत्न केला होता. काकींनी ती पदरात बांधून घेतली आणि घरी येऊन पाण्याबरोबर खाल्ली.

हल्ली सगळ्यांकडे बैल कुठले, असं मी एकदा त्यांना विचारलं. काकींनी त्यावर तोड काढलेली होती. ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टर बघायचा, दुकान असेल तर तराजू. माणूस ज्याच्या जिवावर जगतो त्याला तो कसा हात लावतो, ते बघायचं. पुण्यात नोकरी करणारा एक इंजिनियर सुट्टीत गावी आला होता, त्याला त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवायला लावला. बटणांच्या फटींतून फरसाणाचा चुरा निघाला. काकींनी जुना दात घासायचा ब्रश मागवला, ओट्यावर बसून तो लॅपटॉप स्वतः झाडला, परत केला आणि एका वर्षाने ये म्हणाल्या. पोरगा खरंच वर्षाने आला. लॅपटॉपला कव्हर होतं आणि वास येत होता साफ करायच्या औषधाचा. काकींनी पाणी मागितलं.

जमवलेल्या लग्नात अक्षता टाकणं हा मात्र त्यांचा हट्ट होता. कमरेला एक छोटी कापडी पिशवी खोचलेली असायची, तिच्यात कुंकवात चोळलेले तांदूळ. स्वतःच्या हातच्या अक्षता पडल्याशिवाय लग्न लागलं असं त्या धरतच नसत. एका लग्नात ट्रॅफिकमुळे उशीर झाला, तर नवरा-नवरी जेवायला बसलेली असताना त्यांनी दोघांच्या ताटात अक्षता टाकल्या. नवरदेवाने त्या जिलबीबरोबर खाल्ल्या, असं शारदावहिनी सांगायच्या. शारदावहिनी म्हणजे काकींची सून.

एवढी परक्यांची लग्नं जमवणाऱ्या बाईची खरी परीक्षा घरातच व्हायची होती. काकींची नात, शारदावहिनींची लेक हेतल शहाद्याला कॉलेजात शिकत होती. उंच, हसरी, फाडफाड बोलणारी. तिचं कळसाडीच्या जिग्नेशवर मन बसलं होतं. जिग्नेश गुजराचाच, घरचा ऊस, बापाचं नाव चांगलं. भानगड एकच. हा पोरगा लग्नाच्या बँडमध्ये की-बोर्ड वाजवायचा. तिकडे लग्नात मोठा ट्रक येतो, त्यावर साऊंडच्या भिंती, वर गाणारे, वाजवणारे, आणि त्या ट्रकच्या पुढे टिमली नाचाच्या चालीवर गावच्या गाव नाचतं. जिग्नेशचा बँड पार मोलगीपर्यंत जायचा. डोंगरातली पोरं त्याला ओळखायची, फोनवर त्याचे व्हिडिओ बघायची. पण हेतलचे वडील रमणभाऊ म्हणायचे की दुसऱ्याच्या दारात वाजवायला जाणाऱ्याला मी मुलगी देणार नाही. उद्या माझ्याच भावकीच्या लग्नात जावई ट्रकवर उभा राहिलेला मी बघायचा का, असं ते विचारायचे.

हेतलने रडून झालं, जेवण सोडून झालं. शेवटी रमणभाऊंनी एक चाल खेळली. ते म्हणाले, आई अख्ख्या तालुक्याची स्थळं बघते, हे पण तिनेच बघावं, ती हो म्हणाली तर मी हो. काकी नाहीच म्हणणार अशी त्यांची खात्री होती, कारण वाजवणाऱ्याचं एकही लग्न काकींनी आजवर जमवलं नव्हतं. हेतल पुढे कित्येक दिवस आजीच्या मागे-पुढे घुटमळत होती आणि काकी बडीशेप निवडत होत्या.

त्यातच काकींच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू दोन्हीकडे होता, एक डोळा आधी केला. ऑपरेशन झकास झालं, पण डॉक्टरांनी बरीच बंधनं घातली. वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, धुळीत बसायचं नाही, टीव्ही नाही, प्रवास नाही. काळा चष्मा लावून काकी ओट्यावर बसल्या आणि घरातल्या प्रत्येकाचा जीव खाऊ लागल्या. भाजीत मीठ किती टाकलं ते दुरून विचारायच्या. रस्त्याने जाणाऱ्याची चाहूल लागली की कोण रे, म्हणून हाक मारायच्या आणि त्याच्या मुलीचं वय विचारायच्या. शारदावहिनी एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात आल्या आणि अगदी काकुळतीने म्हणाल्या, बाई, तुम्ही कानात घालून काय ते ऐकता ना, ते आमच्या सासूबाईंना लावून द्या.

मी फोनवर पुस्तकं ऐकायची. नवरा सांगलीला, मी इथे. पोळ्या लाटताना, कपडे धुताना कुणाचा तरी आवाज हवा असायचा. काकींजवळ फोन घेऊन बसले आणि काय लावू विचारलं. मला वाटलं होतं, पोथी लाव म्हणतील. काकी म्हणाल्या, "लगीननं काही व्हई तं लाव."

मी ॲपमध्ये 'लग्न' असं शोधलं. चित्रात नवरी दिसली ती कादंबरी लावली. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की ही परदेशातल्या एका रॉकस्टारची प्रेमकथा आहे, मराठीत आणलेली. नायकाचं नाव डेरेक. अंगभर गोंदलेलं, केस खांद्यापर्यंत, रात्र-रात्र स्टेजवर ओरडून गाणारा. नायिका नोरा, फुलांच्या दुकानात कामाला. मी घाईने बंद करायला गेले तर काकींनी माझा हात धरला. पोरगी कामाची दिसते, म्हणाल्या, ऐकू दे पुढे.

त्या दिवसापासून दुपारी शाळा सुटली की ओट्यावर आमची बैठक भरायची. कापसाचा हंगाम संपत आला होता, झाडावर राहिलेली अर्धवट उमललेली बोंडं घरी आणून त्यांतला कापूस काढायचं काम चालू होतं. शारदावहिनी आणि शेजारच्या दोघी-तिघी ते घेऊन खालच्या पायरीवर बसायच्या, काकी धुळीपासून दूर वरच्या अंगाला. हेतल दाराच्या चौकटीला टेकून उभी. मध्ये पाटावर माझा फोन. आणि फोनमधून एक घोगऱ्या आवाजाचा माणूस डेरेकची कहाणी सांगतोय.

त्या सांगणाऱ्या माणसाबद्दल काकींचा एक समज झाला आणि तो मला शेवटपर्यंत दूर करता आला नाही. त्यांना वाटायचं, हा मध्यस्थ आहे. डेरेकचं स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ. म्हणजे आपल्याच धंद्यातला माणूस. त्यामुळे त्याचं सगळं ऐकताना त्यांचा जीव खालीवर व्हायचा, कारण तो काम फार वाईट करत होता. त्याने डेरेकच्या डोळ्यांचं वर्णन केलं, केसांचं केलं, खांद्यांचं तर दोनदा केलं, पण मुलाचे आईवडील काय करतात हे तीन दुपारी उलटल्या तरी सांगितलं नाही. "हाऊ मध्यस्थ कच्चा शे," काकी म्हणाल्या. मी समजावलं, काकी, हा नुसता वाचतोय, लिहिलंय दुसऱ्या कुणी. मग त्याने आधी विचारून यायला हवं होतं, असं काकींचं म्हणणं पडलं. स्थळ घेऊन निघताना माणूस स्वतः काही बघत नाही का?

एकदा डेरेक आणि नोरा पावसात एका छपराखाली अडकले. पुढे काय येणार ते मला आवाजाच्या लयीवरून कळलं, मी पटकन बोट लावून ते पुढे ढकललं. गोष्ट एकदम दुसऱ्या दिवशीच्या सकाळी जाऊन पोचली. पायरीवरच्या बायका खाली माना घालून कापूस काढू लागल्या. काकींनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला.

"पुढे कसाले ढकलं?" त्या म्हणाल्या. "मी लगीन जमाडस. माले कसानी लाज?"

मी ते मागे आणलं. सगळ्यांनी ऐकलं. शारदावहिनींचा चेहरा लाल झाला होता आणि त्या सासूसमोर हसू दाबण्यासाठी बोंड दातांत धरून बसल्या होत्या. काकींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की ते छप्पर कुणाच्या मालकीचं होतं.

हळूहळू काकींना डेरेक आवडू लागला होता. त्याचं पिणं नोराने सोडवलं तेव्हा त्या खूश झाल्या. त्याला लहानपणी आई नव्हती असं मध्यस्थाने एकदाचं सांगितलं, तेव्हा काकींनी मध्यस्थाला माफ केलं. हेतल चौकटीतून सगळं बघायची. तिच्या चेहऱ्यावर मला एक वेडी आशा दिसायची. आजीला परदेशातला, गोंदवलेला, गाणारा चालतोय, तर कळसाडीचा वाजवणारा का नाही चालणार? एकदा ती माझ्या खोलीत येऊन विचारून गेली की बाई, हा डेरेक शेवटपर्यंत चांगला राहतो ना? मला तेव्हा पुढचं ठाऊक नव्हतं. राहतो, असं मी आपलं सांगून टाकलं.

दुसऱ्याच दुपारी तो प्रसंग आला. हजारो लोक समोर, डेरेक स्टेजवर, नोरा रुसून निघून गेलेली. रागाच्या भरात डेरेकने गळ्यातली गिटार काढली, डोक्यावर उचलली आणि जमिनीवर आपटली. एकदा नाही, तिचे तुकडे होईपर्यंत. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, असं तो घोगरा माणूस मोठ्या कौतुकाने सांगत होता.

"बंद कर," काकी म्हणाल्या.

मी बंद केलं. मी काकींना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ज्यान्हावर पोट चालस तेच फोडं त्यानी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता त्या बोलत राहिल्या, की पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, दसऱ्याला कोयत्याला हळद-कुंकू लावतो, खुरप्याला पाय लागला तर पाया पडतो, आणि हा तोंडात घास घालणारी वस्तू चार लोकांच्या टाळ्यांसाठी फोडतो. आज गिटार, उद्या बायको. हे स्थळ नको. नोराबाईला सांगा, फुलांच्या दुकानात सुखी राहा. आणि शेवटी, बोलता बोलता, ते वाक्य आलं ज्याची मला भीती होती. वाजवणारे सगळे असेच, असं त्या म्हणाल्या.

मी हेतलकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एक पुस्तक मी लावलं काय आणि या पोरीचं नशीब त्यात अडकलं काय, मला स्वतःचा राग आला. तेवढ्यात हेतल चौकट सोडून पुढे आली, आजीच्या अगदी समोर उभी राहिली.

"आजी," ती म्हणाली, "जिग्नेश असा नही शे."

आजीसमोर त्याचं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं. शारदावहिनींच्या हातातला कापूस तसाच राहिला. काकींनी चष्मा काढला, नव्या डोळ्याने नातीला नीट न्याहाळलं. तो डोळा अजून जरा लाल होता. मग चष्मा परत लावून त्या म्हणाल्या, "मंग देखाले जावं पडी."

डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली त्याच आठवड्यात काकींनी मला रविवारी मोकळी राहायला सांगितलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही. प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खेड्यात लग्न होतं, कुणाचं ते मला अजूनही माहीत नाही, आणि काकींना तरी होतं की नाही कोण जाणे. आमंत्रणाविना लग्नाला जाणं त्यांना नवीन नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि नवरदेवाची मिरवणूक ऐन रंगात आली होती. ट्रकवर मधोमध जिग्नेश. सडपातळ, कपाळावर घाम, डोळे अर्धे मिटलेले, बोटं की-बोर्डवर पळताहेत. खाली म्हातारे-कोतारे, बायका, पोरं, सगळं गाव नाचतंय. माझेसुद्धा पाय आपोआप हलायला लागले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी हेतल का वेडी झाली ते मला कळलं.

काकींनी मात्र वाजवण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या एका निंबाच्या सावलीत काळा चष्मा लावून उभ्या राहिल्या. मी विचारलं, काकी, ऐकताय ना? त्या म्हणाल्या, अजून गोठा दिसला नाही.

अक्षता पडल्या, वाजणं थांबलं आणि सगळे जेवणाकडे धावले. ट्रकवरचे गाणारे, ढोलवाला, सगळे खाली उड्या मारून गेले. जिग्नेश एकटाच वर राहिला. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला आणि की-बोर्डच्या पट्ट्या एकेक करून पुसायला घेतल्या. पांढऱ्या आधी, मग काळ्या, बोटाने फटीतली धूळ काढत. नाचून दमलेला एक पाहुणा ट्रकवर चढून कडेला टेकला आणि त्याने हातातला सरबताचा ग्लास खुशाल की-बोर्डच्या कडेवर ठेवला. जिग्नेशने तो ग्लास उचलला, दोन्ही हातांनी पाहुण्याला परत दिला, वर हसून काहीतरी बोलला, आणि ती कड पुन्हा पुसली. मग त्याने एक जुनी गोधडी काढली. लुगड्यांच्या तुकड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. तीत की-बोर्ड गुंडाळला, वायरींच्या ढिगात ठेवला नाही, कडेवर लेकरू घ्यावं तसा घेऊन उतरला आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर नेऊन ठेवला.

काकी सावली सोडून निघाल्या. मी मागोमाग. त्याच्याजवळ जाऊन त्यांनी गोधडीला हात लावला आणि कुणी शिवली विचारलं. आईने, तो म्हणाला. घरी हे कुठे ठेवतोस? तर म्हणाला, देवघराच्या खोलीत, उंदीर येत नाहीत तिकडे. दसऱ्याला वडील कोयत्याशेजारी याचीही पूजा करतात. काळा चष्मा लावलेली ही म्हातारी कोण, हे त्याला कळलं नव्हतं. तरी तो उन्हात, उपाशीपोटी, उभा राहून उत्तरं देत होता.

"राग उना तं फेकी देशी का रे कधी?" काकींनी विचारलं.

जिग्नेश गोंधळला. थोडंसं हसला. "फेकी दिधी तं वाजाडसू काय?" तो म्हणाला.

समोर मांडवात पंगती बसल्या होत्या, वाढप्यांची धावपळ चालली होती. काकींनी पदराने मान पुसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पानी दे रे पोऱ्या."

त्याने ट्रकमधली आपली बाटली काढली, तोंड लावलेली नाही असं सांगितलं आणि त्यांच्या ओंजळीत ओतली. काकी गटागटा पाणी प्याल्या. हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबल्या नाहीत. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आपलं लग्न जमलं म्हणून. तो आपला पाणी ओतत होता, आणि मी त्याच्यासमोर वेड्यासारखी डोळे पुसत उभी होते.

रमणभाऊंनी शब्द पाळला. मनात नव्हतं, पण आईने पाणी घेतलंय हे कळल्यावर त्यांच्यासमोर दुसरी वाटच नव्हती. लग्न ब्राह्मणपुरीतच झालं. वाजवायला जिग्नेशचाच बँड होता आणि की-बोर्डवर दुसराच कुणी होता. बोहल्यावर मुंडावळ्या बांधून उभ्या असलेल्या नवरदेवाची बोटं अंतरपाटाच्या आड आपली हलतच होती. काकींनी अक्षता टाकल्या त्या नेमक्या त्या बोटांवर. वरातीत रमणभाऊ नाचले. सुरुवातीला एकच हात वर करून, मग दोन्ही.

डेरेकचं काय? तो तसाच राहिला होता. पुढचं सगळं मी माझ्या खोलीत कानात घालून केव्हाच ऐकून टाकलं होतं. एकदोनदा मी काकींना सांगायला गेले की पुढे काय होतं माहितीय का, तर त्यांनी मला गप्प केलं. दुसऱ्याच्या तोंडचं ऐकून त्या स्थळ ठरवत नसत. आणि इंजिनियरला दिलं तसं त्याला वर्ष दिलंय, असं म्हणाल्या. ते त्यांनी खरोखरच मोजलं असावं. कारण वर्ष भरलं त्याच सुमारास माझी सांगलीला बदली झाली, आणि त्याच आठवड्यात काकींनी हेतलचा जुना फोन माझ्यासमोर ठेवला आणि डेरेकला यात भरून दे म्हणाल्या. थांबलो होतो तिथून.

मी निघाले तो दिवस होता रविवार. टेम्पोत सामान चढलं, शारदावहिनींनी डब्यात दराब्याचे लाडू दिले. गावातल्या बायका आल्या होत्या, शाळेतल्या मुली रडत होत्या. काकी मात्र ओट्यावरून उठल्या नाहीत. मांडीवर फोन, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, ऐकण्यात पार बुडालेल्या. बाजूला पाण्याचा तांब्या. मला जरा लागलं ते. तीन वर्षं त्यांच्या घरची होऊन राहिले होते मी.

पायऱ्या चढून वर गेले, पायाला हात लावला. फोनमधून तो घोगरा आवाज येत होता आणि कथा कुठे आहे ते मला लगेच कळलं. डेरेकने गिटारचे तुकडे एका म्हाताऱ्या सुताराकडे नेले होते, हिवाळाभर त्याच्या हाताखाली बसून ते स्वतःच्या हाताने एकेक चिकटवले होते, तो भाग मागे पडला होता. शेवटचंच प्रकरण चालू होतं. मी विचारलं, काकी, मग डेरेकचं काय ठरलं?

काकींनी डोळे न उघडता तांब्या उचलला आणि उलटा करून दाखवला. थेंबसुद्धा पडला नाही.

"जाय वं बाई," त्या म्हणाल्या, "आते मांडवमा उभा शेतस दोन्ही." मग त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, एकदाच, आणि तो हात घाईने परत फोनकडे नेला, काही चुकायला नको म्हणून.

टेम्पो निघाला. कोपऱ्यावर वळण्याआधी मी मागे बघितलं. जमनाकाकी ओट्यावर उभ्या राहिल्या होत्या. फोन त्यांनी पाटावर ठेवला होता, कमरेची पिशवी सोडली होती, आणि ऐन घटकेची वाट बघत मूठ धरून उभ्या होत्या. मग त्यांचा हात वर गेला आणि लाल तांदूळ त्या फोनवर पडले.